होस्टेलच्या खोलीतील माळ्याचा पलंग दर वर्षी का डुलू लागतो, आणि तो कसा थांबवावा

बेळगावात शिकायला येणाऱ्या मुलांच्या वाट्याला बहुधा दहा बाय बारा फुटांची खोली येते आणि तीही दोघांत. दोन पलंग, दोन टेबले आणि दोन कपाटे एवढे सामान त्या जागेत मावत नाही, म्हणून कोणीतरी पलंग वर चढवतो आणि खालच्या जागेत टेबल सरकवतो. शेतातल्या माळ्यासारखा उंच असल्यामुळे याला आमच्याकडे माळ्याचा पलंग म्हणतात, मुले सरळ लॉफ्ट बेड म्हणतात. नवा असताना तो गच्च उभा राहतो. पावसाळा जातो, दिवाळी होते, थंडी ओसरून फेब्रुवारीचा कोरडा वारा सुटतो आणि मग वर झोपलेल्याने कूस बदलली की खाली टेबलावर लिहिणाऱ्याला चौकट डुललेली कळते. पाना आणून नट आवळले जातात, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. पुढच्या वर्षी त्याच महिन्यांत हीच गोष्ट घडते, फक्त डुलणे थोडे वाढलेले असते.

खानापूर तालुक्यात आमचा लहानसा सुतारकामाचा कारखाना आहे आणि ही तक्रार घेऊन मुले किंवा त्यांचे पालक दर वर्षी होळीच्या मागेपुढे येतात. मी बराच काळ सर्वांना एकच उत्तर देत होतो, की नट नीट आवळा. ते उत्तर अपुरे होते, हे मला माझ्या भाच्याच्या पलंगाने शिकवले. तो पलंग मी स्वतः केला होता. पाय मत्तीचे होते, आडवे दांडे आणि पट्ट्या पॅकिंगच्या पाइनच्या होत्या आणि प्रत्येक सांध्याला १० मिमीचा एक बोल्ट होता. दीड वर्षात तीन वेळा मी शहरात जाऊन तो आवळून आलो. चौथ्या वेळी मात्र आवळण्याऐवजी एक बोल्ट पूर्ण बाहेर काढला आणि वायसर बसतो ती जागा बोटाने चाचपून पाहिली. तेथे वाटीच्या तळासारखा गोल खड्डा पडला होता. कडेचे धागे तुटून आत वळले होते आणि भोकाच्या तोंडाभोवती काळपट निळे वलय उमटले होते. मत्ती, म्हणजे मराठीतला ऐन, आणि बाभूळ यांच्या लाकडात टॅनिन भरपूर असते. ओल असताना त्याचा लोखंडाशी संयोग झाला की असा डाग पडतो. पावसाळ्यात तेथे पाणी येऊन राहिले होते आणि उन्हाळ्यात ते निघून गेले होते, हे त्या डागाने स्पष्ट सांगितले. आम्ही आवळत होतो तो नट, आणि आत लाकूड मात्र दर खेपेस थोडे थोडे चिरडत होते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पलंग कोणत्या दिशेने डुलतो आणि किती डुलतो, हे मोजणे आवश्यक आहे, कारण लांबीच्या दिशेचे डुलणे, रुंदीच्या दिशेचे डुलणे आणि एखादा पाय अधांतरी असल्यामुळे होणारे डुगडुगणे या तीन वेगळ्या व्याधी आहेत. पलंगाच्या वरच्या कोपऱ्याला ओळंबा बांधावा, त्याचे टोक जमिनीपासून बोटभर वर राहील असे पाहावे आणि खाली कोरा कागद चिकटवावा. एकाने वरच्या चौकटीला हाताने बेताचा धक्का द्यावा, प्रथम लांबीच्या दिशेने आणि मग रुंदीच्या दिशेने, आणि दुसऱ्याने ओळंब्याचे टोक कुठून कुठवर गेले त्या खुणा कागदावर कराव्यात. भाच्याच्या पलंगाला लांबीच्या दिशेने ही खूण ७ सूत (इंचाचे आठ सूत), म्हणजे पाऊण इंचाहून अधिक निघाली होती. रुंदीच्या दिशेने ती २ सूत होती. हा कागद तारीख घालून जपून ठेवावा. प्रत्येक उपायानंतर पुन्हा मोजले म्हणजे कोणत्या उपायाचा किती गुण आला ते कळते, आणि नुसत्या समाधानासाठी केलेली कामे आपोआप गळून पडतात.

आधी पायांकडे पाहावे, कारण ते सर्वांत सोपे आहे आणि तेच सर्वांत जास्त विसरले जाते. जुन्या इमारतींत शहाबादी फरशी असते आणि तिच्या दोन लाद्यांत सूत-दीड सुताचा चढउतार सहज सापडतो. पलंग रिकामा असताना प्रत्येक पायाखाली कागदाची पट्टी सरकवून पाहावी. जेथे ती अडथळ्याविना आत जाते तो पाय जमिनीला टेकलेला नाही. त्याखाली लाकडाची पाचर ठोकू नये, कारण ती हादऱ्याने सरकते. जुन्या टायरच्या रबराचा तुकडा पायाच्या मापाने कापून लावावा आणि एकाने पुरले नाही तर दुसरा त्याला रबराच्या गोंदाने चिकटवावा. चारही पाय एकसारखे टेकले की वर चढताना येणारा पहिला हिसका नाहीसा होतो. एवढ्यानेच पलंग स्थिर झाला, तर पुढची कामे करण्याची गरज नाही.

आता बोल्टांविषयी. लाकूड हवेतील ओल घेते आणि सोडते, हे सर्वांना माहीत असते, पण किती याचा हिशेब सहसा कोणी करत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या ७ ते ८ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली तर ते १७-१८ टक्क्यांकडे सरकते. जाड लाकूड ही दोन्ही टोके गाठत नाही, तरीही आपल्याकडील पावसाळा आणि उन्हाळा यांत ते ९ पासून १६ टक्क्यांपर्यंत हलते असे धरायला हरकत नाही. जुलैत आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत ते बेळगाव आणि मार्चमध्ये ओठ फुटतात ते बेळगाव एकच आहे. पलंगाचे लाकूड या दोन्ही ऋतूंतून जाते.

लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, ते आडवे फुगते, आणि बोल्ट आडवाच जातो. पाय ३ इंचांचा आणि दांडा दीड इंचाचा असेल तर बोल्टच्या पकडीत साडेचार इंच, म्हणजे ११४ मिमी लाकूड असते. मध्यम फुगणाऱ्या जातीत, वलयांच्या कडेकडेच्या दिशेने, एवढ्या जाडीत पावसाळा ते उन्हाळा सुमारे २ मिमीचा फरक पडतो. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने तो साधारण निम्मा असतो आणि पक्क्या सागवानात आणखी कमी. १० मिमीच्या बोल्टचे आटे १.५ मिमी अंतराने असतात. म्हणजे वाईट धरले तर एका पूर्ण फेऱ्याहून जास्त ढिलाई कोणी नटाला हात न लावता निर्माण होते. नट फिरत नाही, लाकूड मागे सरते. स्प्रिंग वायसर किंवा नायलॉक नट लावूनही तक्रार राहते ती याच कारणाने, कारण या दोन्ही वस्तू मुख्यतः नट उलटा फिरू नये यासाठी आहेत.

याहून मोठे नुकसान पावसाळ्यात होते. लाकूड फुगू पाहते, बोल्ट त्याला फुगू देत नाही, आणि लहान वायसरखालचे धागे त्या दाबाने कायमचे चिरडतात. कोरडे झाल्यावर लाकूड आपल्या मूळ मापाला येते, पण चिरडलेले धागे परत उभे राहत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वर्षीची ढिलाई आधीच्या ढिलाईत मिळवली जाते. जुलैत पलंग किंचित करकरला म्हणून ज्यांनी जोर लावून नट आवळले त्यांनी, स्वतःच्या नकळत, मार्चमधील डुलणे वाढवून ठेवलेले असते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. १० मिमीच्या बोल्टबरोबर येणारा साधा वायसर २० मिमी व्यासाचा असतो. त्याऐवजी ४० मिमीचा रुंद वायसर घातला तर लाकडावर टेकणारे क्षेत्र पाचपटीहून अधिक होते. मी आता ५० मिमी लांब-रुंद आणि ५ मिमी जाड अशी लोखंडी पट्टीच कापून मधे भोक पाडून घेतो. तिचे क्षेत्र साध्या वायसरच्या दहापटीहून जास्त भरते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शिल्लक पट्टीचे तुकडे वजनावर मिळतात आणि एका पलंगाला बोल्टच्या दोन्ही टोकांसाठी पुरतील एवढे तुकडे घेतले तरी खर्च नगण्य असतो. पट्टीला आधी रेड ऑक्साइडचा एक हात द्यावा, म्हणजे काळा डाग आणि गंज दोन्ही टळतात.

आधीच खड्डा पडलेला असेल किंवा भोक मोठे झाले असेल, तर नुसती पट्टी लावून भागत नाही. भोक पटाशीने किंवा मोठ्या ड्रिलने साफ करून त्यात त्याच जातीच्या, किंवा त्याहून कठीण लाकडाची गोल गुल्ली सुतारी गोंद लावून ठोकावी, चोवीस तास तिला हात लावू नये आणि मग पुन्हा साडेदहा ते ११ मिमीचे भोक पाडावे. भोक दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे पाडले तर मध्यावर पायरी पडते आणि बोल्ट वाकडा बसतो. दांडा आणि पाय एकत्र आवळून एकाच बाजूने सरळ ड्रिल चालवावे. आवळतानाही अतिरेक नको. नट हाताने फिरेनासा झाला की पान्याने अर्धा ते पाऊण फेरा पुरे. आवळण्याचा काळ म्हणाल तर होळीच्या सुमारास, जेव्हा लाकूड सर्वांत कोरडे असते. दसऱ्याला खंडेनवमीची हत्यारे पुजून झाली की नटांना एकदा हात लावून पाहावे. सैल असतील तर हाताने फिरतील तेवढे फिरवावे, पाना लावू नये.

येथवर केलेल्या कामाने माझ्या भाच्याच्या पलंगाचे लांबीचे डुलणे ७ सुतांवरून ४ सुतांवर आले. उरलेले ४ सूत बोल्टांच्या हातात नव्हते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा तेथेच आहे.

ज्यांनी गोकाक-हुक्केरीकडे शाळूच्या पिकात पाखरे राखायचा माळा पाहिला असेल त्यांना आठवेल, की त्याचे चार पाय कधीच सरळ उभे नसतात. ते खाली बाहेर पसरलेले असतात आणि मध्ये दोन-तीन बांबू तिरके आवळलेले असतात. त्या माळ्यात एकही बोल्ट नसतो, सगळे दोरीने बांधलेले असते, तरी त्यावर उभा राहून गोफण फिरवणारा माणूस डुलत नाही. चार काठ्यांचा चौकोन, सांधे कितीही घट्ट असले तरी, कोपरे किंचित वळवून तिरपा होऊ शकतो; तीन काठ्यांचा त्रिकोण एखादी काठी मोडल्याशिवाय आकार बदलू शकत नाही. आपण होस्टेलसाठी पलंग करतो तेव्हा खाली टेबल आणि खुर्ची यावी म्हणून सगळे तिरके आधार काढून टाकतो, पाय सरळ उभे करतो, आणि मग चौकोन सरळ राखण्याची सगळी जबाबदारी चार इंच रुंद सांध्यावर टाकतो. साध्या जमिनीवरच्या पलंगाला ते चालते, कारण त्याचे पाय दीड फुटाचे असतात. साडेपाच फुटांच्या पायाला तोच सांधा अपुरा पडतो.

म्हणून चौकटीत कोठेतरी त्रिकोण आणला पाहिजे, आणि खालची बसायची जागा न अडवता तो आणता येतो. पलंगाची लांब बाजू भिंतीला लागलेली असते. त्या भिंतीकडच्या दोन पायांमध्ये, वरच्या दांड्याला लागूनच, १२ मिमी प्लायवूडची दोन फूट उंचीची सलग फळी बसवावी; तीही तिरपी होऊ शकत नाही, म्हणून त्रिकोणाचेच काम करते. ती वरच्या दांड्याला आणि दोन्ही बाजूंच्या पायांना दर ६ इंचांवर स्क्रूने धरलेली असावी. खुर्चीवर बसलेल्याच्या डोक्याला ती लागत नाही, कारण ती टेबलाच्या मागे भिंतीशी असते. उलट तिच्यावर वेळापत्रक आणि दिव्याचा होल्डर लावता येतो. माझ्या अनुभवात लांबीच्या दिशेच्या डुलण्यावर याहून परिणामकारक उपाय नाही. प्लायवूड महाग वाटत असेल तर त्याच जागी दोन तिरक्या पट्ट्या लावाव्यात: पायावर वरून दोन फूट खाली आणि दांड्यावर कोपऱ्यापासून दोन फूट आत, अशी दोन टोके जोडणारी पट्टी सुमारे ३४ इंचांची होते. तिची टोके ४५ अंशांत कापून लाकडाला लाकूड पूर्ण टेकेल अशी बसवावीत. नुसती वरून चिकटवून एक स्क्रू मारलेली पट्टी दोन महिन्यांत स्वतःच ढिली होते.

पुढच्या बाजूला मात्र एवढी जागा नसते. तेथे दोन्ही कोपऱ्यांत १८ मिमी प्लायवूडचे त्रिकोणी तुकडे, एकेक बाजू फूटभर लांब, आतून लावावेत आणि त्यांचा खालचा कोपरा गोल घासून घ्यावा, कारण रात्री उठणाऱ्याचे डोके तेथेच लागते. रुंदीच्या दोन बाजूंपैकी जिकडे शिडी आहे ती बाजू शिडीच्या पायऱ्या पक्क्या केल्या की बहुधा सावरते. दुसरीकडे पुस्तकांचे कप्पे पायांनाच स्क्रूने जोडले आणि त्यांना पाठीमागून प्लायवूड ठोकले की वेगळा आधार लागत नाही.

हे सगळे बसवण्यापूर्वी चौकट काटकोनात आहे याची खात्री करणे फार महत्त्वाचे आहे, कारण तिरका आधार चौकट आहे त्याच आकारात कायम करून टाकतो, मग ती वाकडी असली तरी. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे सुताराचे साधन, लहान असल्याने मोठ्या चौकटीत फसवतो. मेजपट्टीने समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील दोन्ही तिरकी अंतरे मोजावीत; ती सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर ज्या दिशेचे अंतर जास्त आहे त्या दोन कोपऱ्यांना दोरी बांधून, तिच्यात काठी घालून पीळ द्यावा आणि अंतरे जुळली की त्याच ताणात प्लायवूडचे स्क्रू मारावेत. दुसऱ्या माणसाची मदत येथे हवीच.

भाच्याच्या पलंगाला मागची फळी आणि पुढचे त्रिकोण बसल्यावर ओळंब्याची खूण अर्ध्या सुतावर आली. नट त्या दिवशी मी मुद्दाम आवळले नव्हते.

सांध्याची रचना मुळातच चुकीची असेल तर तीही सुधारावी. एका सांध्यात एकच बोल्ट म्हणजे बिजागरीच. तो कितीही आवळला तरी दांडा त्याच्याभोवती वळू पाहतो. दोन बोल्ट हवेत, एकाखाली एक न घेता कर्णाच्या दिशेने, म्हणजे दोन्ही एकाच धाग्याच्या ओळीत येऊन लाकूड चिरत नाही. त्याहूनही आवश्यक म्हणजे लांबीचा दांडा, ज्याला जुनी माणसे गाते म्हणतात, तो बोल्टवर टांगलेला नसावा. पायाला अर्धा-पाऊण इंचाची खाच घेऊन तो खाचेत बसवावा, किंवा दांड्याखाली पायाला फूटभर लांबीचा जाड तुकडा गोंद आणि स्क्रूने लावून दांडा त्यावर टेकवावा. वजन लाकडाने लाकडावर उतरवायचे आणि बोल्टने फक्त दोघांना जवळ धरायचे, हा नियम पाळला तर बोल्टची भोके लांबट होत नाहीत. दांड्याच्या टोकात, धाग्यांच्या दिशेने, लांब स्क्रू मारून केलेले सांधे मी दुरुस्तही करत नाही, काढूनच टाकतो. त्या दिशेने स्क्रूची पकड अतिशय कमी असते आणि वर माणूस झोपणार आहे.

लोखंडी चौकटीच्या पलंगांना फुगण्याचा त्रास नाही, तरी तेही डुलतात. १६ गेजच्या चौकोनी पाइपची भिंत जेमतेम १.६ मिमी जाड असते, आणि आरपार बोल्ट आवळला की पाइप दोन्ही बाजूंनी आत दबतो व सांधा कधीच घट्ट होत नाही. पाइपच्या आत बोल्टवर बरोबर मापाची नळी घालावी, म्हणजे दाब नळीवर येतो. बाकी त्रिकोणाचा न्याय लोखंडालाही तोच आहे. मागच्या बाजूला २५ बाय ३ मिमीची पट्टी फुलीसारखी वेल्ड करून घेतली की काम होते.

डुलणे थांबले आणि करकर मात्र उरली, अशी तक्रार असेल तर ती बहुधा गादीखालच्या आडव्या पट्ट्यांची असते. पट्टी दांड्यावर जेथे टेकते तेथे मेणबत्ती घासावी किंवा जुन्या गोणपाटाची पट्टी घालावी. तेल लावू नये, ते गादीत उतरते.

उंचीचा प्रश्न मी शेवटी घेत आहे, परंतु नवा पलंग करणाऱ्याने तो सर्वांत आधी सोडवावा. सांधे तेच ठेवून उंची वाढवली तर डुलणे साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून साडेपाच फुटांवरचा पलंग साडेचार फुटांवर आणला तर ते जवळपास एक तृतीयांशाने घटते. खाली टेबलाशी बसून लिहायचे असेल तर साडेचार फूट बहुतेकांना पुरतात. उभे राहायचे असेल तर नाही, आणि त्या खोलीत उभे राहण्याची जागा टेबलाखेरीज अन्यत्र असतेच. पंख्याचा हिशेबही याच वेळी करावा. दहा फूट रुंदीच्या खोलीत पंखा मध्यावर असेल तर भिंतीपासून तो ५ फुटांवर येतो. १२०० मिमी व्यासाच्या पंख्याचे पाते मध्यापासून ६०० मिमी बाहेर पोहोचते. भिंत आणि पात्याचे टोक यांत ९२४ मिमी उरतात, आणि पलंग ३ फूट म्हणजे ९१४ मिमी रुंद असतो. झोपेत पसरलेला हात त्या १ सेंटिमीटरच्या फटीत थांबेल असे कोणी धरून चालू नये. एकतर पलंग अडीच फुटांचा आणि खालच्या उंचीवर करावा, किंवा वसतिगृहाच्या परवानगीने छताचा पंखा काढून भिंतीचा पंखा लावावा. पाते गादीच्या पातळीला किंवा बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला येत असेल तर पलंग वापरूच नये, हे मी पालकांना स्पष्ट सांगतो.

कठड्याचेही तसेच. अमेरिकेत, जेथे कॉलेजच्या खोल्यांत असे पलंग सर्रास असतात, तेथील बंक बेडच्या नियमानुसार कठडा गादीच्या वर किमान ५ इंच यावा लागतो आणि त्यातील फटी साडेतीन इंचांहून मोठ्या चालत नाहीत. आपल्याकडे घरची कापसाची गादी ठेवतात, ती नवी असताना ६ इंच आणि वर्षाने ३ इंच होते. म्हणून कठडा नव्या गादीवर मोजावा आणि मी तर ५ ऐवजी ९ इंच धरतो. गादी बदलली की कठडा पुन्हा मोजावा, कारण जाड गादी आणली की तोच कठडा अपुरा होतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

भिंतीला पलंग बांधता आला तर सगळे सोपे होते, पण बहुतेक वसतिगृहे भिंतीत भोक पाडू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. परवानगी असली तरी जांभ्याच्या जुन्या भिंतीत फुगणारा अँकर बोल्ट बसवू नये. जांभा आतून पोकळ आणि ठिसूळ असतो, फुगवट्याने त्याचा चुराच होतो. भोक न पाडता करायचे असेल तर पलंग खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंतींना लागून ठेवावा, आणि वरची चौकट व भिंत यांमधील फटीत रबर चिकटवलेली लाकडी ठोकळी घट्ट सरकवावी. त्याने भिंतीकडे जाणारे डुलणे थांबते. प्लायवूडच्या फळीची जागा मात्र ही ठोकळी घेऊ शकत नाही.

राहिली लाकडाची निवड. वखारीत मत्ती आणि होन्ने ही कानडी नावेच ऐकू येतात, मराठीत ती ऐन आणि बिबळा. मत्ती ताकदवान आहे, पण वाळताना फाटते आणि पिळते. ती जुनी, मोडलेल्या घराची मिळाली तर उत्तम, ओली मिळाली तर घेऊ नये. शंका असेल तर वखारीतून वीतभर तुकडा मागून घ्यावा, टोके टाकून मधला भाग कापावा आणि स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर तोलावा. मग तो ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडे वर ठेवून वजन कमी होणे थांबेपर्यंत वाळवावा. २४० ग्रॅमचा तुकडा २०० ग्रॅमवर थांबला तर घटलेले ४० ग्रॅम भागिले २००, म्हणजे २० टक्के पाणी होते. एवढे ओले लाकूड चौकटीला वापरू नये. १२ टक्क्यांच्या आसपास असलेले घ्यावे. हेही ध्यानात ठेवावे की कणकुंबी-जांबोटीचा पाऊस आणि अथणीचा कोरडेपणा एकाच जिल्ह्यात आहेत. खानापुरात पावसाळ्यात जोडलेला पलंग अथणीकडच्या होस्टेलवर गेला तर तो पहिल्याच हिवाळ्यात सैल होणार. असा पलंग मी आता जोडून पाठवत नाही. भाग सुटे पाठवतो, ते त्या खोलीत तीन आठवडे हवेशीर रचून ठेवायला सांगतो आणि नंतर स्वतः जाऊन जोडतो.

भाच्याच्या पलंगाची गेल्या होळीला मी पुन्हा मोजणी केली. ओळंबा, तोच कागद, तीच जागा. पट्ट्या लावलेल्या बोल्टांपैकी दोन नट हाताने पाव फेरा फिरले, बाकीचे जागचे हलले नाहीत, आणि खूण अर्ध्या सुताच्या आतच राहिली.